‘काही झालं नाही ना? मग लिहू नकोस’

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष, भारतीय विमानतळ प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय : वैमानिक आणि नियंत्रक यांच्या रेडिओवरच्या चुका, आणि त्या कागदावर न आणण्याची आपली सवय

महोदय,

गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला फोन वाजला. मित्राची मुलगी होती. तीन वर्षांपूर्वी ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह म्हणून लागली, प्रयागराजला ट्रेनिंग झालं, आता दुसऱ्या राज्यातल्या एका विमानतळावर नियंत्रक आहे. विमानतळाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढं कळेलच.

“काका, झोपलात का?”

“नाही गं, बोल.”

“आज एक रीडबॅक सुटला माझ्याकडून. मी वैमानिकाला सहा हजार फूट उंची दिली, तो पाच म्हणाला, आणि मी पुढच्याला बोलायला लागले. अर्ध्या मिनिटानं त्यानंच परत विचारलं, सहा का पाच म्हणून.”

जवळपास दुसरं विमान नव्हतं. काहीही झालं नाही. ड्युटी संपल्यावर ती वरिष्ठांकडे गेली, सर, याचा रिपोर्ट कुठं लिहायचा म्हणून विचारायला. सर चांगले आहेत, तिला सांभाळून घेतात. ते म्हणाले, “काही झालं नाही ना? मग लिहू नकोस.”

मी फोन कानाला लावून गप्पच बसलो. जुलै १९९८ मध्ये, रात्रपाळीत, हेच वाक्य शब्दाला शब्द मला सांगितलं गेलं होतं. आणि मी निमूट ऐकलं होतं.

पस्तीस वर्षं नियंत्रक म्हणून काढून मी २०२१ मध्ये निवृत्त झालो. आता साताऱ्याला असतो. पत्रं लिहिणाऱ्यांतला मी नव्हे. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत रडार बदललं, इमारती बदलल्या, प्रत्येक विमानासाठी पेनानं लिहायच्या कागदी पट्ट्या, म्हणजे स्ट्रिपा, गेल्या आणि पडदे आले. तेवढं एक वाक्य मात्र जसंच्या तसं एका पिढीकडून दुसरीकडे पोचलं, हे मला गप्प बसून गिळता येत नाही. आपणा दोघांना लिहितोय, कारण एकाच्या हातात परवाना आहे आणि दुसऱ्याच्या हातात पगार. आणि उघड लिहितोय, कारण ज्यांचा जीव या बोलण्यावर टांगलेला असतो, त्या प्रवाशांना हे बोलणं कधीच ऐकू जात नाही.

त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. फोनवरून किराणा सांगितला की वाणी यादी परत म्हणून दाखवतो: दोन किलो साखर, पाव किलो रवा, एक खोबरेल. आपण ‘हो हो’ करतो. आमचंही काम याच रीतीनं चालतं. नियंत्रक सूचना देतो, वैमानिक ती आकड्यांसकट परत म्हणतो आणि शेवटी आपलं कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, सांगतो. हा झाला रीडबॅक. त्याचं म्हणणं आपल्या सांगण्याशी जुळतं का, हे नियंत्रकानं ऐकून पडताळायचं. तो हिअरबॅक. आता आठवून पाहा, वाण्याची यादी आपण खरंच ऐकतो का? आपल्या मनात पाव किलो रवा असतो, म्हणून तो ‘अर्धा किलो’ म्हणाला तरी कानाला ‘पाव’च ऐकू येतं. घरी अर्धा किलो रवा आला तर उपमा जास्त होतो, एवढंच. आमच्याकडे तसं नसतं.

माझी रात्र सांगतो. विमानतळाचं नाव इथंही नाही. पाऊस धो धो, दृश्यता पडलेली, उतरायला आलेली तीन विमानं एकावर एक घिरट्या घालत थांबवलेली. सगळ्यात खाली आठ हजार फुटांवर एक, नऊ हजारांवर दुसरं, दहा हजारांवर तिसरं. खालचं आणि वरचं एकाच कंपनीचं. एकाचं कॉलसाइन तीन-एक-सात, दुसऱ्याचं तीन-सात-एक. आमच्याकडे तेव्हा उंची दाखवणारं रडार नव्हतं. उंची कळायची ती वैमानिकानं सांगितलेली, आणि आम्ही स्ट्रिपवर पेनानं लिहिलेली.

पाऊस जरा ओसरला, तसं मी खालच्याला, तीन-एक-सातला, चार हजारांवर उतरायला सांगितलं. सांगता सांगता त्याच्या स्ट्रिपवरच्या ८० वर काट मारली आणि शेजारी ४० लिहिलं. माझी नजर पेनाच्या टोकाशी होती. हेडसेटमध्ये शिट्टी वाजल्यासारखा किंचाळा आला आणि त्याच्या शेवटी ‘...फोर थाउजंड, थ्री...’ एवढं ऐकू आलं. मला हवं तेच होतं. मी पुढच्या कामाला लागलो.

ती शिट्टी म्हणजे दोघे एकदम बोलले होते. आमचा रेडिओ जुन्या एएम पद्धतीचा. एका वेळी एकानंच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं की दोन्ही आवाज एकमेकांत अडकून किंचाळतात. तीन-एक-सातनं सूचना आपली म्हणून परत म्हटली, आणि तीन-सात-एकनंही. दहा हजारांवरचं विमान खाली निघालं होतं, आणि मध्ये नऊ हजारांवर माणसांनी भरलेलं दुसरं विमान घिरट्या घालत होतं.

पकडलं कुणी? मी नाही. मधल्या विमानातल्या सहवैमानिकानं. तरुण आवाज होता. “टॉवर, दोन आवाज आल्यासारखं वाटलं. उतरायला कुणाला सांगितलंत?” मी तीन-सात-एकला उंची विचारली. तो म्हणाला, दहा सोडलंय, चार हजारांकडे चाललोय. मी त्याला ओरडूनच थांबवलं. ओरडू नये, पण ओरडलो. नऊ हजार सातशेला तो थांबला आणि परत वर गेला. हजार फुटांच्या अंतरातले तीनशे गेले होते, सातशे उरले होते. त्या रात्री तिन्ही विमानं नीट उतरली. प्रवासी छत्र्या शोधत घरी गेले असतील.

वॉच सुपरवायझरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चहा मागवला, माझ्यापुढे ठेवला आणि ते वाक्य म्हणाले. वर आणखी एक: “पोरं लहान आहेत तुझी.” मी चहा प्यालो आणि लिहिलं नाही. ती दोन कॉलसाइन त्यानंतरही कित्येक महिने रोज रात्री एकामागोमाग एक येत राहिली. मला माहीत होतं म्हणून मी सावध असायचो. माझ्या जागी दुसरा बसायचा, त्याला हे कुणी सांगायचं?

या घटनेआधी पावणेदोन वर्षांपूर्वी चरखी दादरी झालं होतं. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जम्बो वर चढत होतं, त्याला १४ हजार फुटांपर्यंत परवानगी. समोरून कझाकिस्तानचं इल्युशिन उतरत होतं, त्याला १५ हजारांवर थांबायला सांगितलेलं. दिल्लीच्या नियंत्रकानं इल्युशिनला समोरच्या जम्बोची खबर दिली, अंतर सांगितलं. तिकडून प्रश्न आला, किती मैल? चौदा मैल, यानं सांगितलं. पुढे तेरा मैल, पातळी एकशे चाळीस, म्हणजे १४ हजार फूट. आणि मग पडद्यावरचे दोन ठिपके एक झाले आणि विझले. ३४९ माणसं हरियाणाच्या शेतांत पडली. हवेतल्या हवेत झालेली याहून मोठी टक्कर जगात दुसरी नाही.

न्यायमूर्ती लाहोटी आयोगानं दोष कझाक चालकदलाकडे दिला. नेमून दिलेली उंची सोडून ते खाली आले होते. आमच्या पिढीतल्या प्रत्येक नियंत्रकानं तो घटनाक्रम पाठ केलेला आहे, आणि मला त्यातलं एकच सतत टोचतं. दिल्लीशी बोलत होता तो विमानातला रेडिओ ऑपरेटर. विमान हातात होतं दुसऱ्यांच्या. ऑपरेटरला उंची बघायची तर पुढे वाकून वैमानिकांच्या खांद्यावरून बघावी लागायची. सूचना कानात बरोबर गेली, तोंडातून बरोबर परत आली आणि हातापर्यंत पोचलीच नाही. रीडबॅक बरोबर आला की आपण निश्चिंत होतो. चरखी दादरीनं सांगितलं की तिथंही निश्चिंत व्हायचं नाही.

त्यानंतर बरंच काही झालं, ते नाकारत नाही. उंची दाखवणारी रडार आली, येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळणारं टीकॅस भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीचं झालं. यंत्रांवर पैसे खर्च झाले, योग्यच झाले. पण रेडिओवर माणूस माणसाला काय बोलतो आणि तो काय ऐकतो, ही जागा १९९६ मध्ये जिथं होती तिथंच राहिली. आता तक्रारी सांगतो. क्रमानं सांगायचा प्रयत्न करतो, पण पहिलीवरच जास्त बोलेन, कारण बाकीच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात.

एक. चूक लिहिणाऱ्याला आपण शिक्षेची भीती घालून ठेवली आहे.

८ जून २०२४ रोजी मुंबईत एक विमान उड्डाणासाठी धावत असताना त्याच धावपट्टीवर मागून दुसरं उतरलं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. सामान्य माणसाला त्यातून कळलं ते एवढंच, की नियंत्रकाला ड्युटीवरून बाजूला केलं. चौकशी होईपर्यंत माणसाला बाजूला करणं मी समजू शकतो. पण देशातल्या प्रत्येक टॉवरमध्ये त्या बातमीचा अर्थ एकच लागला: दिसलास तर गेलास. आणि न दिसण्याचा सोपा उपाय म्हणजे न लिहिणं.

यावर दोन जुन्या गोष्टी सांगतो, दोन्ही १९७६ च्या आसपासच्या.

१ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर उतरायला निघालेलं टीडब्ल्यूए कंपनीचं विमान डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. नियंत्रकानं त्याला अप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याची, परवानगी दिली होती. वैमानिकानं त्या शब्दाचा अर्थ असा घेतला, की आता नकाशावरच्या शेवटच्या उंचीपर्यंत खुशाल उतरावं. नियंत्रकाच्या मनातला अर्थ होता, की मधले डोंगर सांभाळायची जबाबदारी वैमानिकाची. दोघांनी एकच शब्द ऐकला आणि त्याचे अर्थ दोन लावले. पुढे चौकशीत निघालं, की सहा आठवडे आधी युनायटेडचं एक विमान त्याच जागी, त्याच शब्दापायी, थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते कंपनीच्या अंतर्गत योजनेत लिहूनही दिलं, आणि कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांना ते सांगणारं कुणी नव्हतं. माहिती शेजारच्या घरात होती, महोदय, भिंतीपलीकडे.

त्यातून धडा घेऊन १९७६ मध्ये अमेरिकेनं एक योजना सुरू केली. वैमानिकानं किंवा नियंत्रकानं आपली चूक स्वतःहून लिहून पाठवायची. पाठवायची ती परवाना देणाऱ्या खात्याकडे नव्हे, तर अंतराळ संशोधन करणाऱ्या ‘नासा’कडे, कारण परवाना काढून घेण्याची ताकद नासाकडे नाही. तिथं नावगाव पुसलं जातं, मजकूर सगळ्यांसाठी खुला होतो, आणि मुद्दाम केलेली नसलेली चूक मुदतीत कळवली तर दंड माफ. ही पद्धत आजही चालू आहे.

आणि त्याच १९७६ मध्ये, १० सप्टेंबरला, युगोस्लाव्हियात झाग्रेबवर दोन विमानं हवेत आदळली. १७६ मेले. नियंत्रक एकटा पडलेला, मदतनीस जागेवर नाही, विमानं डोक्यावरून चाललेली. शेवटच्या काही सेकंदांत तो घाबरून इंग्रजी सोडून मातृभाषेत बोलला. दुसऱ्या विमानातल्या इंग्रज वैमानिकांना ते कळणंच शक्य नव्हतं. खटला कितीतरी जणांवर भरला आणि शिक्षा झाली ती एकट्या त्याला, सात वर्षांची. जगभरच्या नियंत्रकांनी अर्ज केले तेव्हा दोनेक वर्षांनी तो सुटला. एकट्या माणसाला त्या खुर्चीत बसवलं कुणी, हा प्रश्न त्याच्याबरोबर आत गेला आणि बाहेर आलाच नाही.

आपल्याकडे स्वेच्छेनं कळवायची सोय कागदावर आहे, मला माहीत आहे. पण ते कळवायचं महासंचालनालयालाच, म्हणजे ज्यांच्या सहीनं माझा परवाना चालतो त्यांनाच. मास्तरांनीच छडी हातात धरून विचारायचं, ‘खरं सांगा, गृहपाठ कुणी केला नाही?’ हात किती वर येतील?

दोन. सारखी कॉलसाइन. यावर फार बोलत नाही, माझी रात्र सांगून झाली आहे. मुंबईला आज एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच कंपनीची पाच-सहा विमानं असणं ही रोजची गोष्ट आहे. कंपनीचं नाव एकच, आकडे चार, त्यातले तीन तेच. युरोपात वेळापत्रक लागू होण्याआधीच युरोकंट्रोल ही संस्था सारखी वाटणारी कॉलसाइन शोधून बदलायला कंपन्यांना मदत करते. आपल्याकडे हे काम त्या क्षणी नियंत्रकाचा कान करतो.

तीन. परीक्षा जिभेची घेता, कानाची नाही.

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे वैमानिक आणि नियंत्रकाला इंग्रजीत किमान चौथी पातळी लागते. चौथीवाल्याची दर तीन वर्षांनी फेरपरीक्षा, सहावीवाल्याची कधीच नाही. परीक्षकासमोर बसून चित्राचं वर्णन करणं, गप्पा मारणं आमच्या पोरांना सहज जमतं. पण खरखर चालू असताना, तिसरा माणूस मध्ये बोलत असताना, आपणच दिलेल्या आकड्यातला एक आकडा चुकीचा परत आला तर तो कानाला खटकतो का? सहाव्या पातळीचा फाडफाड इंग्रजी बोलणारा माणूस इथं हमखास फसतो, कारण तो अर्ध्या वाक्यातच पुढचं ओळखतो.

१९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरचं मालवाहू जम्बो टेकडीवर गेलं. नियंत्रकानं दोन हजार चारशे फुटांवर यायला सांगितलं होतं, एकेक आकडा सुटा म्हणत: टू, फोर, झिरो, झिरो. पहिला ‘टू’ हा दोनचा. वैमानिकाच्या कानाला तो ‘पर्यंत’ या अर्थाचा टू वाटला, आणि उरलं चारशे. त्यानं परतही तसंच म्हटलं, ओके, फोर झिरो झिरो. चूक रेडिओवर अगदी स्वच्छ, मोठ्यानं बोलली गेली. ती दुरुस्त करायला कुणी उठलं नाही. चौघे गेले.

इथं आपल्या मराठीचं थोडं सांगण्यासारखं आहे. मी मराठी शाळेतला. आपण पंचवीस म्हणतो, म्हणजे आधी पाच मग वीस. एकोणतीस म्हणतो आणि त्यात ऐकू येतं तीस. नोकरीला लागल्यावर पहिली दोन वर्षं ‘टू फाइव्ह’ ऐकून मनातल्या मनात ‘पंचवीस’ करायचो आणि हात आधी ५ लिहायला जायचा. त्यापायी मला घाम फुटायचा, पण एक फायदा झाला. स्वतःच्या कानावर माझा कधीच पुरता विश्वास बसला नाही, म्हणून मी दोनदा ऐकायचो. (जुलै ९८ ची ती रात्र सोडून.) मराठी, कन्नड, तेलुगू शाळांतून येणाऱ्या पोरांना इंग्रजी कच्चं म्हणून हिणवणारे ट्रेनर मी पाहिले आहेत. त्यांना हे कधी सुचलं नाही, की अडखळणारा कान जास्त जागा असतो.

चार. बोलण्याच्या सवयी. यातली अर्धी तक्रार वैमानिकांविरुद्ध आणि अर्धी आम्हा नियंत्रकांविरुद्ध आहे. गर्दीच्या वेळी आम्ही एका दमात चार सूचना देतो: वळा, उतरा, वेग कमी करा, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जा. तिकडून त्यातल्या तीनच परत येतात आणि चौथीच्या जागी ‘रॉजर’. रॉजरचा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच. ‘करतो’ असा होत नाही, ‘हो’ असाही होत नाही. फोन नंबर सांगायच्या सवयीनं आपण ‘डबल फाइव्ह’ म्हणतो. परदेशी वैमानिकाला त्याचा पत्ता लागत नाही. ‘ओके’ तर कशालाही चालतो. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावर, धुक्यात, केएलएमच्या विमानाचा सहवैमानिक म्हणाला, आम्ही आता टेक-ऑफला आहोत. टॉवरनं म्हटलं, ओके. त्यापुढचं ‘थांबा, मी सांगतो’ हे वाक्य आणि त्याच क्षणी पॅन ॲमच्या विमानानं ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ म्हणून मारलेली हाक, दोन्ही एकमेकांवर पडली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टी वाजली. त्या शिट्टीआधीचा ओके तेवढा स्वच्छ ऐकू गेला. दोन्ही विमानं धावपट्टीवरच आदळली. ५८३ माणसं गेली. तीच शिट्टी मी एकवीस वर्षांनी ऐकली आणि ओळखली नाही.

जपानचं उदाहरण ताजं आहे. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदावर तटरक्षक दलाचं छोटं विमान धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं आणि मागून उतरणारं प्रवासी विमान त्याच्यावर आदळलं. मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण वाचले, छोट्यातले सहापैकी पाच गेले. नियंत्रकानं त्याला ‘नंबर वन’ म्हटलं होतं, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला. त्यानं ते आत जायची परवानगी म्हणून घेतलं. चौकशीचा अहवाल यायच्या कितीतरी आधी, अपघातानंतर काही दिवसांतच, जपान सरकारनं रांगेतला नंबर सांगणं तूर्त बंद केलं. शब्दच बाजूला ठेवला. कुणाचा दोष ते नंतर ठरवू म्हणाले.

पाच. माणसं कमी आहेत. २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनंही नियंत्रकांचा तुटवडा आणि थकवा यावर बोट ठेवलं, त्यामुळे मी नव्यानं सांगायला नको. फक्त त्या खुर्चीतलं एक सांगतो. रात्री माणूस कमी पडला की दोन जागा एक करतात, दोन फ्रिक्वेन्सी एका कानात. अशा वेळी माणूस बोलणं सोडत नाही, बोलावंच लागतं. तो ऐकणं सोडतो. पहाटे साडेतीन ते पाच या वेळात माझ्या तोंडून सूचना अचूक जायच्या, पस्तीस वर्षांचा सराव. परत आलेलं मी किती ऐकलं, हे मला आज शपथेवर सांगता येणार नाही. ऑडिटला येणारे किती विमानं हाताळली ते मोजतात. किती रीडबॅक ऐकले, ते कुणी विचारत नाही.

आता मागण्या. यातली एकही कोट्यवधींची नाही.

चूक स्वतःहून कळवायची व्यवस्था आपणा दोघांच्याही बाहेर न्या. एखादी विज्ञानसंस्था किंवा विद्यापीठ चालेल. परवाना आणि बदली त्यांच्या हातात नसली म्हणजे झालं. मुद्दाम केलेली नसलेली चूक ठरलेल्या मुदतीत कळवली तर त्यावर शिक्षा होणार नाही, हे परिपत्रकात नको, नियमात घाला. परिपत्रक पुढचा साहेब बदलतो. आलेले अहवाल नावं काढून दर महिन्याला प्रसिद्ध करा आणि ते नागपूरच्या नियंत्रकाला, पुणे आणि दाबोळीसारख्या संरक्षण दलाच्या विमानतळांवरच्या नियंत्रकांना आणि प्रत्येक कंपनीच्या वैमानिकाला सारखेच मिळू द्या.

उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक मंजूर करतानाच सारखी कॉलसाइन बदलायला लावा, आणि हंगामाच्या मध्येच गोंधळ दिसला तर ते बदलून मागायचा अधिकार ड्युटीवरच्या सुपरवायझरला द्या.

भाषेच्या परीक्षेत चुकीचे रीडबॅक ऐकवा. आमच्याच फ्रिक्वेन्सीच्या रेकॉर्डिंगमधले घ्या, खरखरीसकट, हवी तेवढी पडली आहेत. आणि ही ऐकण्याची चाचणी सहाव्या पातळीवाल्यालाही दर तीन वर्षांनी द्यायला लावा.

दर महिन्याला प्रत्येक विमानतळावरचं एका तासाचं रेकॉर्डिंग, कुठलाही तास, काढून ऐका. कुणाला पकडायला नव्हे. अर्धे रीडबॅक किती, शिट्ट्या किती, ‘डबल’ किती, ते मोजून त्याच विमानतळाच्या भिंतीवर लावा. आम्ही एकमेकांना हसू आणि सुधारू. तेवढी लाज अजून शिल्लक आहे.

आणि रात्री दोन फ्रिक्वेन्सी एका माणसाला देण्याआधी विमानांच्या संख्येची मर्यादा लेखी ठरवा. ती ओलांडली तर विमानं थोडा वेळ थांबवायची मुभा नियंत्रकाला असू द्या, आणि उशिराबद्दल सकाळी कंपनीचा फोन आला तर तो आपण घ्या.

लांब हवाई मार्गांवर आता डेटालिंकनं लेखी संदेश जातात, पुढे सगळंच तसं होईल, असं आपले तज्ज्ञ सांगतील. समुद्रावर ठीक आहे. धावपट्टीच्या तोंडाशी, जिथं निर्णयाला चार सेकंद असतात, तिथं आवाजच राहणार.

मित्राच्या मुलीला मी त्या रात्री काय सांगितलं, तेही लिहितो, कारण या पत्रात मी स्वतःला वाचवत नाहीये. ‘लिही’ असं मला म्हणता आलं नाही. तिची नोकरी नवी, घरावर कर्ज, आणि ते वाक्य म्हणणारे तिचे सर वाईट नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, “मी आधी माझं लिहितो.”

ते सोबत जोडलं आहे. एक पान, दोन प्रती, आपणा दोघांना. तारीख, वेळ, तिन्ही कॉलसाइन, दिलेल्या उंच्या, ऐकू आलेले शब्द, कमी झालेलं अंतर. ‘चूक कोणाच्या लक्षात आली’ या रकान्यात मधल्या विमानाचं कॉलसाइन आहे. ‘नियंत्रक’ या रकान्यात माझं पूर्ण नाव. अहवाल यायला फार उशीर झाला, म्हणून नियमाप्रमाणे जी कारवाई बसत असेल ती करावी. पेन्शनवर आहे, तेवढीच काय ती आपल्या हातात आहे. फक्त पोच कळवावी, म्हणजे तिला दाखवता येईल.

आपला,
एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक
सातारा

सोबत : अहवाल, जुलै १९९८ (एक पान)